नवी जात ठरवायची तर: सड्यापासून लाल लेबलापर्यंत

पावसाळा उतरणीला लागला की दरवर्षी पेपरात चार ओळींची बातमी येते. सह्याद्रीत नवी वनस्पती सापडली, आंबोलीजवळ नवा चतुर सापडला. त्यातला 'सापडली' हा शब्द मला दरवेळी खटकतो. ती वनस्पती तिथंच होती. गावातल्या गुराख्यानं ती शेकडो वेळा पाहिलेली असते, क्वचित तिचा कंदही खाल्लेला असतो. नवं एवढंच घडतं, की कुणीतरी तिला आजवर नाव मिळालेल्या सगळ्या जवळच्या जातींशेजारी ठेवतं आणि ती त्यांतली एकही नाही हे लेखी दाखवून देतं. या कामाला रानातल्या भटकंतीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं हिशोब मांडला होता: नमुना गोळा झाल्यापासून त्याचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी 21 वर्षं जातात. या 21 वर्षांत जंगल फारसं येत नाही. कपाट, सूक्ष्मदर्शक आणि जुनी पुस्तकंच येतात.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठी परिभाषेत स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस म्हणजे प्रजाती किंवा वंश. बातम्यांमध्ये मात्र स्पीशीजलाच सर्रास प्रजाती म्हणतात, आणि मग 'नवी प्रजाती' वाचून जाणकार दचकतो, कारण नवा वंश ही फार मोठी गोष्ट असते. इथं जात म्हणजे स्पीशीज आणि वंश म्हणजे जीनस, एवढं धरून चला.

हात लावण्याआधी

राधानगरी, कोयना, चांदोली यांसारख्या अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू असतो. तिथं परवानगीशिवाय पानही तोडता येत नाही. राखीव जंगलात वनखात्याची परवानगी लागते, देवराईत गावकऱ्यांची. देवराईच्या बाबतीत कागदापेक्षा आधी पुजारी आणि चार जाणती माणसं भेटलेली बरी. अर्जात एक गंमतीशीर अडचण येते. 'गोळा करायच्या जातीचं नाव आणि संख्या' असा रकाना असतो, आणि जिला अजून नावच नाही तिचं काय लिहायचं? तिथं वंश किंवा कुल लिहावं आणि संख्येला वरची मर्यादा घालावी: अमुक वंशाचे नमुने, एका ठिकाणाहून जास्तीत जास्त दोन. 'सर्व वनस्पती' असं मोघम लिहिलं की अर्ज परत येतो, आणि तो परत येतो हे बरंच आहे.

कंदीलपुष्प: दाबून ठेवलं की निम्मं हरवतं

सेरोपेजिया वंशातली फुलं, म्हणजे आपली कंदीलपुष्पं, हे सह्याद्रीतलं उत्तम उदाहरण. कुठं त्यांना हमण म्हणतात, कुठं खरपुडी. नाशिकजवळच्या अंजनेरीवरून अंजनेरिका, आंबोलीच्या सड्यावरची (म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावरची) जैनाय, शिवाय लॉई, सह्याद्रिका, ऑक्युलाटा अशी यादी लांबत जाते. यांतल्या कित्येक जाती एखाददुसऱ्या डोंगरापुरत्याच आहेत. म्हणून एखाद्या अनोळखी कड्यावर वेगळं कंदीलपुष्प दिसलं तर शंका घ्यायला जागा असते.

फुलाची रचना पाहिली की अडचण कळते. पाच पाकळ्या खाली जुळून नळी होते. नळीचा तळ फुगीर असतो. वर पाकळ्यांची टोकं पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि कंदिलाचा पिंजरा तयार होतो. नळीच्या आतले केस खाली वळलेले असतात. बारीक माश्या वासानं आत उतरतात, केसांमुळं अडकतात आणि केस सुकल्यावर परागांचं ओझं घेऊन बाहेर पडतात. जात ओळखायच्या खुणा मात्र तळाच्या त्या फुगीर खोलीत असतात. तिथं एक बारीक मुकुट असतो. त्याच्या बाहेरच्या वलयात पाच खोलगट वाट्या, त्यांना दात असतील किंवा नसतील. आतल्या वलयात पाच उभे पट्टे, टोकाला सरळ, वाकलेले किंवा एकमेकांना टेकलेले. सगळं मिळून चार-पाच मिलिमीटरांचं प्रकरण. हे फूल प्रेसमध्ये, म्हणजे वनस्पती दाबून वाळवायच्या चौकटीत, दाबलं की मुकुट चपटा होतो, आणि नंतर कितीही उकळलं तरी नीट उलगडत नाही.

म्हणून प्रत्येक नमुन्याबरोबर चार-पाच फुलं 70 टक्के अल्कोहोलमध्ये वेगळी ठेवायची. एक फूल जागेवरच पातळ ब्लेडनं उभं चिरायचं आणि आतला मुकुट मोजपट्टीसह टिपायचा. अल्कोहोलमध्ये रंग दोन-तीन दिवसांत उतरतो, तेव्हा रंग ताज्या फुलावरून वहीत लिहायचा. 'जांभळट' असं लिहून भागत नाही. नळी बाहेरून हिरवट पांढरी, आतून तळाशी गडद जांभळी, पिंजऱ्याची टोकं पिवळी, असं जागा धरून लिहावं. फोटो तीन बाजूंनी: समोरून, कडेनं आणि वरून पिंजऱ्यात डोकावून. तिसरा फोटो बहुतेक जण विसरतात.

कंद? वर्णनात तो हवाच, कारण जमिनीखाली गोल कंद आहे की जाड मुळांचा झुबका, यावरून जाती वेगळ्या होतात. पण त्यासाठी झाड उपटायची गरज नाही. कडेची माती बोटानं बाजूला करायची, मोजायचं, फोटो घ्यायचा आणि माती पुन्हा दाबून बसवायची. वरची वेल कापली तरी कंदातून पुढच्या पावसाळ्यात नवा कोंब येतो. सर्वसाधारण शिस्त अशी, की वीस झाडं असतील तर एकच घ्यायचं. वीस नसतील तर फुलांसह एक फांदी, आणि बाकी सगळं फोटोत.

फळ तेव्हा मिळत नाही. फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, शेंगांची जोडी त्यानंतर. त्यामुळं त्याच जागी दुसरी खेप ठरलेली. ही खेप टाळून 'फळ आढळले नाही' असं छापणारे पेपर पुष्कळ आहेत, आणि ते वाचताना चिडचिड होते.

पावसात वाळवणं

जंगलातली आर्द्रता शंभराच्या आसपास असते, आणि वनस्पती वाळवायच्या असतात त्याच दिवसांत. नमुना रद्दीच्या घडीत पसरायचा. प्रत्येक घडीनंतर टीपकागद, दर चार-पाच घड्यांनंतर हवा खेळायला पन्हळी पुठ्ठा, आणि पट्ट्यांनी प्रेस घट्ट आवळायची. पहिल्या चोवीस तासांत कागद दोनदा बदलायचा, मग आठवडाभर रोज. पहिल्या बदलाच्या वेळी पानं मऊ पडलेली असतात. मांडणी सुधारायची ती तेव्हाच. एक तरी पान उलटं ठेवायचं, नाहीतर खालच्या बाजूची लव आणि शिरा कधीच दिसणार नाहीत. बल्बच्या पेटीत वाळवत असाल तर तापमान 40–45 अंशांपर्यंतच. त्यापुढं पानं तपकिरी पडतात आणि कडक होऊन तुटतात. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेली प्रेस वाळते खरी, पण पानांना धुराची झिलई चढते.

आमरी (ऑर्किड), कंदीलपुष्पाची मांसल खोडं, पाणथळीतले रसाळ रोप यांची कथा निराळी. प्रेसमध्येही ती आठवडे जिवंत राहतात आणि रागानं सगळी पानं गाळतात. त्यांना आधी काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवायचं, मग दाबायचं. फुलं मात्र पाण्याबाहेर.

मुक्काम लांबला आणि वाळवायची सोयच नसली तर रद्दीत गुंडाळलेले नमुने प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर स्पिरिट ओतून पिशवी बंद करतात. बुरशी लागत नाही, घरी येऊन वाळवता येतं. पण रंग जातो आणि डीएनएही खराब होतो. तेव्हा पिशवी बंद करण्याआधी अंगठ्याएवढा कोवळ्या पानाचा तुकडा सिलिका जेलमध्ये टाकायचा. जेल पानाच्या वजनाच्या दहापट तरी हवं. रंग बदलणारे दाणे थोडे मिसळले असतील तर ते बदलताच जेलही बदलायचं. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या फुलातून डीएनए काढायची आशा सोडून द्यावी.

कीटकांची तऱ्हा

वनस्पती जागेवर थांबते, एवढंच तिचं उपकारी वैशिष्ट्य. कीटकांना बोलवावं लागतं.

रात्री पांढरी चादर आणि तिच्यापुढं 160 वॅटचा पारा-वाफेचा दिवा. याला वेगळा चोक लागत नाही, म्हणून छोट्या जनरेटरवर चालतो. अमावस्येच्या आसपास, धुकं आणि बारीक झिमझिम असेल तर चादर भरून जाते. चांदण्यात दोन-चार पाखरंच फिरकतात. दिवसा मॅलेज सापळा, म्हणजे जाळीचा तंबू. मधली भिंत काळी, छत पांढरं, आणि सगळ्यात उंच कोपऱ्यात अल्कोहोलची बाटली. आडवा आलेला कीटक भिंतीला थडकतो आणि उजेडाकडं वर चढत जाऊन बाटलीत पडतो. हा कोपरा अंधाऱ्या झाडीकडं वळलेला असला तर आठवड्यानंतरही बाटली रिकामीच. पावसाळ्यात बाटलीत पाणी शिरून अल्कोहोल पातळ होतं आणि नमुने कुजतात. आठवड्याला एक अदलाबदल हा हिशोब तिथं पुरत नाही, निम्म्या वेळात बदलावं लागतं. जमिनीवर पिवळ्या ताटल्यांत पाणी आणि दोन थेंब साबण: साबणामुळं पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि उतरलेली बारीक गांधीलमाशी पुन्हा उडू शकत नाही. पालापाचोळ्यातल्या मुंग्यांसाठी पाचोळा चाळून जाळीच्या पिशव्यांत भरतात आणि त्या कापडी विंकलर पिशवीत दोन-तीन दिवस टांगतात. पाचोळा सुकत जातो तशा मुंग्या खाली उतरून बाटलीत येतात.

झाडांच्या शेंड्यावरच्या कीटकांचं काय, हा प्रश्न उरतोच. कीटकशास्त्रज्ञ टेरी अर्विन यांनी पनामाच्या जंगलात एकाच जातीच्या 19 झाडांवर कीटकनाशकाचं धुकं सोडून खाली पडलेले भुंगे मोजले. सुमारे 1200 जाती निघाल्या. त्यावरून 1982 साली त्यांनी उष्णकटिबंधात संधिपादांच्या, म्हणजे कीटक-कोळी यांसारख्या सांधेदार पायांच्या प्राण्यांच्या, तीन कोटी जाती असाव्यात असा अंदाज मांडला. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा बराच खाली आणला. पण शेंडे आपल्याला माहीत नाहीत ही गोष्ट तेव्हापासून कुणी नाकारलेली नाही.

चतुर आणि टाचण्या (चतुराचे सडपातळ भाऊबंद) यांचा मोठा शत्रू म्हणजे त्यांचं स्वतःचं पोट. मेल्यावर आतली चरबी आणि अन्न कुजतं आणि रंग काळा पडतो. जात ओळखायची ती छातीवरच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांवरून, आणि तेच पट्टे गायब. यावर उपाय ॲसिटोनचा. जिवंत चतुर कागदी पाकिटात काही तास ठेवायचा म्हणजे पोट रिकामं होतं. मग पंख पाठीवर मिटवून, पोट सरळ करून ॲसिटोनमध्ये: टाचणीला बारा तास, चतुराला चोवीस. ॲसिटोन चरबी आणि पाणी खेचून घेतं, पट्टे राहतात. त्याआधी मधला एक पाय निर्जल अल्कोहोलमध्ये वेगळा काढायचा, डीएनएसाठी. नुकताच कात टाकून निघालेला, काचेसारखे चमकणारे पंख असलेला फिकट चतुर घेऊ नये. त्याचे रंग अजून ठरलेले नसतात, आणि अशाच अर्धवट रंगांवर चुकीच्या जाती उभ्या राहतात.

भुंगे, माश्या, ढेकणवर्गीय कीटक यांना सुई टोचायची ती नेहमी उजव्या बाजूनं. भुंग्याला उजव्या पंखकवचातून, माशीला छातीच्या मधल्या रेषेच्या उजवीकडं. म्हणजे डावी बाजू अखंड राहते आणि पुढचा अभ्यासक डावीकडं पाहतो. सुया 38 मिलिमीटर लांबीच्या, स्टेनलेस स्टीलच्या, दोन किंवा तीन नंबरच्या. घरातली साधी टाचणी वापरली तर पावसाळ्यात गंज चढून नमुना तिथंच चिकटतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान कीटकाला सुई टोचायचीच नाही. जाड कागदाच्या निमुळत्या त्रिकोणाच्या टोकावर डिंकाचा थेंब लावून त्याला उजव्या बाजूनं चिकटवायचं.

लेबल

सगळ्यात कमी कौतुक होणारी आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट म्हणजे लेबल. एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ शीटवर, म्हणजे वाळलेली वनस्पती चिकटवलेल्या कागदांवर, 'मलबार, कोंकण, इत्यादी. स्टॉक्स, लॉ, इत्यादी' एवढंच छापलेलं आहे. म्हणजे कुठून, कधी, कुणी, यांपैकी एकाचंही उत्तर धड नाही. त्या शीटवर एखाद्या जातीचं नाव आधारलेलं असेल तर तिचं मूळ ठिकाण शोधण्यात माणसं उमेदीची वर्षं घालवतात.

राज्य, जिल्हा, तालुका, गाव, गावापासून दिशा आणि अंतर, समुद्रसपाटीपासूनची उंची, अक्षांश-रेखांश. दशांश अंशांत चार स्थळं पुरतात, त्यात चूक साधारण अकरा मीटरांची. वडगाव किती आहेत ते आठवा, म्हणजे तालुका का हवा ते कळेल. तारखेत महिना रोमन आकड्यात: 7.viii.2023. नुसतं 7/8 लिहिलं तर परदेशातला वाचक जुलै समजेल. मग अधिवास: 'जंगल' असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. जांभ्या खडकाचा उघडा सडा, खडकातल्या चार बोटं मातीच्या खळग्यात, पाणी साचलेलं, असं हवं. कीटक असेल तर कोणत्या झाडावर, किती वाजता, कोणत्या सापळ्यात. बाटलीतलं लेबल पेन्सिलीनं लिहून आत टाकायचं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून नमुन्याला निळा करते, आणि बाहेर चिकटवलेलं लेबल पहिल्याच ओलीत गळून पडतं.

एक वाद मात्र खरा आहे. नेमकं ठिकाण छापलं की कंदीलपुष्पं आणि आमरी ओरबाडणारेही तेच वाचतात. वनस्पतींच्या नामकरणाचे नियम अक्षांश-रेखांश छापायची सक्ती करत नाहीत. लेबलावर आणि संग्रहालयाच्या नोंदीत पूर्ण माहिती ठेवावी, छापताना तालुक्यापर्यंत थांबावं, असं माझं मत.

गेंदाच्या डोक्यात

आता टेबलावर. कास पठारावर सप्टेंबरात पांढरे ठिपके पसरलेले दिसतात ते गेंद, म्हणजे एरिओकॉलॉन. लांबून सगळे सारखे, जवळून पाहिले तरी सारखेच. 2020 साली पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी या वंशातल्या दोन नव्या जाती वर्णिल्या: सिंधुदुर्गातली पार्व्हिसेफॅलम आणि कर्नाटकातल्या कुमठ्याजवळची कारावलेन्से. पहिलीचं नावच 'चिमुकल्या डोक्याची' असं आहे.

वाळलेलं डोकं, म्हणजे बारीक फुलांचा गोल गुच्छ, पाण्यात साबणाच्या थेंबासह दोन-तीन मिनिटं उकळायचं म्हणजे आतली फुलं पुन्हा फुगतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली दोन सुयांनी एकेक फूल सोडवायचं. फूल मिलिमीटरभराचं. पाहायचं ते असं: डोक्याचा गाभा केसाळ की गुळगुळीत, बाहेरची छदं (गुच्छाखालची खवल्यांसारखी पानं) फुलांपेक्षा लांब की आखूड, मादी फुलात निदलं (पाकळ्यांबाहेरची दलं) दोन की तीन, पाकळीच्या टोकाशी काळी ग्रंथी आहे की नाही, परागकोश काळे की पांढरे. शेवटी बी. अर्ध्या मिलिमीटरचं, आणि त्याच्या कवचावरची नक्षी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसते. बी पिकलेलं हवं. कोवळ्या बियांवर नक्षी पुरती उमटलेली नसते, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला हौसेनं गोळा केलेले गेंद इथंच वाया जातात.

कीटकांत हेच काम जननेंद्रियं करतात. दोन पतंग दिसायला हुबेहूब, पण नराच्या पोटाच्या टोकाची रचना वेगळी, असं सतत घडतं. पोटाचं टोक काढून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवायचं, किंवा गरम पाण्यावर दहा मिनिटं. मऊ भाग विरघळतो, कठीण सांगाडा उरतो. वेळ चुकून जास्त झाली तर तोही पारदर्शक आणि लिबलिबीत होतो. मग पाणी, त्यात किंचित ॲसिटिक आम्ल, आणि शेवटी ग्लिसरीन. हा तुकडा इवल्याशा नळीत घालून ती नळी त्याच कीटकाच्या सुईला खाली टोचून ठेवायची. नळी वेगळ्या डबीत गेली की पोट कुणाचं आणि डोकं कुणाचं याचा पत्ता लागत नाही.

बहुतेक 'नव्या' जाती इथं पडतात

सड्यावर माती बोटभर. तिथलं रोप वीतभर वाढतं, तेच पन्नास पावलांवरच्या खोल मातीत गुडघ्याएवढं होतं. दोन्ही टोकांचे दोन नमुने घेतले तर दोन जाती वाटतील. मधले पंधरा-वीस मोजले की एकच सलग रांग दिसते. मेलॅनिटिस लेडा हे सांजवेळी उडणारं साधं फुलपाखरू पावसाळ्यात डोळ्यांचे ठिपके मिरवतं आणि कोरड्या दिवसांत वाळल्या पानासारखं होतं. अशा ऋतुरूपांना जुन्या काळी वेगवेगळी नावं मिळाली. नर आणि मादी वेगळ्या जाती म्हणून छापल्या गेल्याचे दाखले तर कीटकशास्त्रात ढिगानं आहेत.

दुसरा खड्डा वाचनाचा. प्राण्यांची नावं 1758 पासून आणि वनस्पतींची 1753 पासून मोजली जातात, आणि तेव्हापासूनचं त्या वंशातलं प्रत्येक नाव तपासावं लागतं. आज चालू नसलेली, दुसऱ्या नावात विलीन झालेली नावंसुद्धा. आपली 'नवी' जात म्हणजे शंभर वर्षांपूर्वी विलीन केलेलं एखादं नाव पुन्हा जिवंत करायची गरज, एवढंच असू शकतं. महाराष्ट्राच्या वनस्पतींसाठी थिओडोर कुकचा 1901 ते 1908 दरम्यानचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचा वर्णनग्रंथ, अजून हाताशी लागतो. चतुरांसाठी फ्रेझरचे 1933 ते 1936 मधले तीन खंड. पण पुस्तकातलं वर्णन वाचून थांबता येत नाही, मूळ टाइप नमुना, म्हणजे ज्याच्यावर ते नाव आधारलेलं आहे तो नमुना, पाहावा लागतो. तो बहुतेकदा लंडनमधल्या क्यू या वनस्पती उद्यानात किंवा लंडनच्या संग्रहालयात असतो. वनस्पतींच्या शीटची उत्तम छायाचित्रं आता ऑनलाइन मिळतात. कीटकांचं तसं नाही. तिथं संग्रहालयाला पत्र लिहून पोटाच्या टोकाचा फोटो मागवावा लागतो.

कपाटात काय दडलेलं असतं याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे हबर्डिया हे गवत. जोगच्या धबधब्याजवळ 1919 साली गोळा झालं. तीन दशकांनंतर क्यूच्या कपाटात वनस्पतिशास्त्रज्ञ बोर यांनी ते नवा वंश म्हणून ओळखलं. पुढं ते नामशेष झालं असंच धरलं गेलं, आणि मग तिलारीच्या परिसरात पुन्हा दिसलं.

डीएनएबद्दल थोडकंच. कीटकांत सीओवन जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचतात, वनस्पतींत आयटीएस आणि हरितलवकातले एक-दोन तुकडे. 'तीन टक्के फरक म्हणजे नवी जात' हा नियम कुठंही लिहिलेला नाही. सार्वजनिक साठ्यातल्या कितीतरी क्रमिका चुकीच्या नावानं चढवलेल्या असतात. शिवाय वोल्बाकिया नावाचा जिवाणू कीटकांत मादीकडून अंड्यात जातो आणि सीओवनची वंशावळच वाकडी करतो. तुलनेसाठी जुन्या जातीचा नमुना तिच्या मूळ ठिकाणाचाच हवा. डीएनए आणि आकार एकच गोष्ट सांगत असतील तर छान. सांगत नसतील तर पुन्हा सूक्ष्मदर्शक.

नाव

लॅटिनला लिंगाचं आपल्याइतकंच वेड. सेरोपेजिया ती, म्हणून अंजनेरिका, सह्याद्रिका. एरिओकॉलॉन ते, म्हणून कारावलेन्से. बर्मागोम्फस तो, म्हणून सिंधुदुर्गातल्या चौकुळवरून 2022 साली आलेल्या चतुराचं नाव चौकुलेन्सिस. गावाच्या नावाला एन्सिस किंवा एन्से, पुरुषाच्या नावाला आय, बाईच्या नावाला ए. ठोसेघरच्या टाचणीचं थोसेघरेन्सिस असंच झालं. कल्याण-ठाण्याच्या परिसरातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला तुकाराम ओंबळे यांचं नाव मिळालं, आयशिअस तुकाराम-आय. स्वतःचं नाव स्वतः देणं नियमात बसत असलं तरी कुणी देत नाही. दिलंच, तर पुढं जन्मभर ऐकून घ्यावं लागतं.

नावाइतकाच महत्त्वाचा डायग्नोसिस, म्हणजे सगळ्यात जवळच्या जातीपेक्षा ही कशात वेगळी ते सांगणाऱ्या दोन-तीन ओळी. 'पानं मोठी, फुलं सुंदर' चालत नाही. नळी इतके ते इतके मिलिमीटर, जवळच्या जातीत इतके ते इतके; बाहेरच्या वाट्यांना दात दोन, तिच्यात नाहीत. आकडे एकमेकांवर चढत असतील तर ती खूण काढून टाका. अशी एकही खूण उरली नाही तर पेपरही काढून टाका.

1935 ते 2011 वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये द्यावं लागे. 2012 पासून लॅटिन किंवा इंग्रजी, आणि नुसत्या ऑनलाइन नियतकालिकातला पीडीएफही ग्राह्य. कीटकाचा पेपर फक्त ऑनलाइन असेल तर तो झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंदवून त्याचा क्रमांक पेपरातच छापावा लागतो. तो राहिला तर नाव अस्तित्वातच येत नाही, वर्णन कितीही चांगलं असो. वर्तमानपत्रात आधी नाव फोडण्याचाही काही उपयोग नाही. 1953 पासून बिगरशास्त्रीय वर्तमानपत्रात छापलेलं वनस्पतीचं नाव ग्राह्य धरत नाहीत. उलट ते अर्धवट नाव इंटरनेटवर फिरत राहतं, आणि खरा पेपर आला की दोन स्पेलिंगांचा गोंधळ कायमचा.

होलोटाइप, म्हणजे ज्या नमुन्यावर नव्या जातीचं नाव आधारलेलं असतं तो, एकच. तो कोणता आणि कुठं ठेवला, हे पेपरात स्पष्ट हवं. वनस्पतीत त्याच खेपेतल्या त्याच क्रमांकाच्या जादा शीट म्हणजे आयसोटाइप. त्या दोन-तीन हर्बेरियमांत (वाळलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयांत) वाटून ठेवायच्या, म्हणजे एका इमारतीत कसर शिरली तरी सगळं जात नाही. जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 39 नुसार नव्या जातीची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवून तिथं नमुना जमा करणं बंधनकारक आहे. वनस्पतींसाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षण, प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण, आणि दोघांचीही पश्चिम विभागीय केंद्रं पुणे परिसरातच आहेत. देण्याआधी शीट किंवा पेटी उणे 20 अंशांवर आठवडाभर गोठवायची. अँथ्रेनस या भुंग्याची एखादी अळी आत राहिली तर ती सहा महिन्यांत होलोटाइपचं पीठ करून ठेवते, आणि खाली फक्त सुई आणि लाल लेबल उरतं. कीटकांत होलोटाइपला लाल लेबल लावतात, पॅराटाइपला (त्याच पेपरात नोंदवलेल्या बाकीच्या नमुन्यांना) बहुतेक ठिकाणी पिवळं. लाल लेबलावर नाव पेपर छापून आल्यावरच लिहायचं, तोवर पेन्सिलीनं नुसता क्रमांक.